साडेसहाचा कॉल आणि भरलेला कट्टा

घरून काम करायला लागल्यापासून पेट्रोल वाचतं, पुण्याचं घरभाडं वाचतं, लेकरं डोळ्यासमोर वाढतात, आईला दवाखान्यात न्यायचं असलं तर रजा टाकायला लागत नाही, हे सगळं खरं आहे आणि त्याची किंमत मला पुरेपूर माहितीये. पण माणसं कमी होतात. हळूहळू होतात म्हणून कळायला वेळ लागतो. एखाद्या रात्री दहाला लॅपटॉप मिटताना लक्षात येतं की आज घरातले सोडून ज्यांच्याशी बोललो ते सगळे स्क्रीनवरच होते, आणि त्यातल्या निम्म्यांचा कॅमेरा बंद होता. असे दिवस एकापाठोपाठ जायला लागले की माणूस आखडतो, बारीकसारीक गोष्टीला चिडतो, आणि तो राग निघतो कुणावर तर समोर खेळत असलेल्या लेकरांवर. म्हणून आई-बापाच्या दोस्तीचा विषय मला टाइमपासचा वाटत नाही. ती टिकली पाहिजे, आणि ती टिकवायला जेवढा वेळ लागतो तेवढा हक्कानं काढला पाहिजे, असं माझं मत आहे.

आमचं घर थोडक्यात सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातून कोल्हापूरला आलो, नंतर ऑफिसनं परत बोलावलं नाही आणि आम्हीही इथंच राहायचं ठरवलं. मी वाढलो शिवाजी पेठेत, आता फ्लॅट आहे साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला. बायको इचलकरंजीला बँकेत, रोज जाऊन-येऊन करते. लेक दुसरीत, धाकटा बालवाडीत, आई आमच्याबरोबर. म्हणजे दिवसभर घरी असणारा बाप मी.

पुण्या-मुंबईतल्या मित्रांना वाटतं, तू काय बाबा, गावात गेलास, तुला माणसांची काय कमी. त्यांना घड्याळाचं गणित माहिती नसतं. माझ्या टीममधली अर्धी माणसं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसतात. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं गेली की आपले साडेसात, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. आता संध्याकाळी साडेसहा ते नऊ कोल्हापुरात काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या लागलेल्या असतात, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते, पेठेत तालमीच्या पायरीवर गप्पा रंगलेल्या असतात, गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाचा ग्लास हातात देतात आणि तो उभ्याउभ्या पिता पिता चार माणसं भेटतात. गावाच्या भेटीगाठी सगळ्या त्याच अडीच तासांत होतात, आणि नेमके तेच अडीच तास माझे कॉलमध्ये जातात. आयटीतल्या, बॅक ऑफिसातल्या, परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्या कितीतरी जणांचं आता हेच आहे. मित्र तुटलेले नसतात, भांडण नसतं, फक्त त्यांची मोकळी वेळ आणि आपली मोकळी वेळ एकमेकांना कुठं शिवतच नाही.

त्यात लेकरं. सकाळची शाळा, डबे, रिक्षावाले मामा लवकर आले तर धावपळ, दुपारी आणायला जाणं, धाकट्याची झोप, लेकीचा अभ्यास, मग माझी शिफ्ट. आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहिती की हा घरीच असतो. सगळ्या मजल्यांची पार्सलं माझ्याकडं, गॅसची टाकी आली तर माझ्याकडं, प्लंबर आला तर 'जरा उभं राहता का दादा'. मला याचं वाईट वाटत नाही खरंतर, बोलणं होतं तेवढंच. पण 'घरीच असतो' म्हणजे 'मोकळाच असतो' हे लोकांच्या डोक्यातनं काढणं फार अवघड आहे. घरी राहून काम करणाऱ्या बायका हे कितीतरी वर्षं झेलत आल्यात, शिलाई मशीनवर बसणारी, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी घेणारी, शिकवण्या घेणारी. त्यांना कुणी 'वर्क फ्रॉम होम' म्हटलं नाही एवढाच फरक.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१८ साली मैत्रीला किती वेळ लागतो याचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीची जेमतेम मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जायला लागतात, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाचं नातं व्हायला २०० च्या वर. ऑफिसात नुसतं शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत असंही त्यात आहे, एकत्र रेंगाळलेले तास धरायचे. हे वाचल्यावर मी हिशोब घातला. दोन लेकरांच्या बापाला आठवड्यात दोन तास मोकळे मिळाले, आणि ते दोन्ही तास एकाच माणसाबरोबर गेले, तरी २०० तासांना दोन वर्षं लागतात. चाळिशीकडं झुकताना नवीन जिगरी दोस्त होत नाहीत असं सगळे म्हणतात, मन कोरडं झालं म्हणतात, मला वाटतं मनाचं काही नाही, तास मिळत नाहीत एवढंच आहे. कॉलेजात दोनशे तास एका महिन्यात होऊन जायचे आणि कुणी मोजतही नव्हतं.

मग हे तास आणायचे कुठनं.

आपण पहिल्यांदा काय करतो तर व्हॉट्सॲपवर ठरवतो. 'भेटूया की एकदा.' 'या शनिवारी?' 'शनिवारी नको, पोराचं गॅदरिंग हाय.' 'मग रविवारी?' 'रविवारी सासुरवाडीला.' चार जणांचा ग्रुप, चौघांना मिळून सहा-सात लेकरं, त्यातल्या एकाला तरी ताप असतोच, आणि एकाचं रद्द झालं की बाकीचे म्हणतात मग पुढच्या आठवड्यात बघू. असं करत पावसाळा येतो. यात दोष कुणाचाच नाही. लेकरं असलेल्या माणसाचं कुठलंही ठरवलेलं मोडू शकतं आणि ते मोडणारच. म्हणून जी भेट प्रत्येकाच्या हजेरीवर उभी असते ती आई-बापांच्या उपयोगाची नाही. आपल्याला लागते ती अशी बैठक की एक जण आला नाही तरी बसते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, बोलावणं नाही, आलास तर ये, नाही आलास तर परवा ये.

आणि गंमत अशी की कोल्हापूरला हे कधीपासून येतं. तालमी काय होत्या? शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी होत्याच, तिथं सगळे काही पैलवान व्हायला जात नव्हते. माझे वडील आयुष्यात कधी लाल मातीत उतरले नाहीत पण संध्याकाळी कामावरनं आले, चहा घेतला की तालमीच्या पायरीवर. त्यांना कुणी फोन करून बोलवत नव्हतं, घरात फोनच नव्हता. गेले की कोण ना कोण असायचं. त्यातनंच फुटबॉलची टीम, गणपती, कुणाच्या पोरीच्या लग्नाची मांडवापासून जेवणापर्यंतची तयारी, कुणाला रक्त लागलं तर धावणं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं बाहेरच्याला फुटबॉलच्या टीमा म्हणून माहिती असतात, आम्हाला ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं वाटतात. आणि आम्ही पोरं तिथंच आजूबाजूला असायचो, आम्हाला कुणी 'सांभाळत' नव्हतं, कुणीही कान पिळायचा आणि कुणीही शेंगदाणे द्यायचा.

एक मात्र खटकतं आणि ते लिहायलाच पाहिजे. ती पायरी बापांची होती. माझी आई त्या वेळी घरात भाकरी थापत असायची. वडिलांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली त्यात आईच्या संध्याकाळी गेल्यात. म्हणून जुनं होतं तसंच परत आणायचं असं मी म्हणत नाही. त्यातली युक्ती घ्यायची, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ, आणि ती आता घरातल्या दोघांच्या वाट्याला आली पाहिजे.

माझी संध्याकाळ अमेरिकेला दिलेली असल्यामुळं मी पहाट घेतली. पावणेसहाला रंकाळा. लेकरं झोपलेली असतात, आई उठलेली असते. टॉवरच्या बाजूनं सुरू करायचं, शालिनी पॅलेसच्या अंगानं जाऊन यायचं आणि मग एका ठराविक कट्ट्यावर बसायचं, तिथं एक मंडळ जमतं. एक रिटायर मास्तर, गुजरीत सोनारकाम करणारे एक काका, एकाचे टेम्पो आहेत, एक डॉक्टर कधी येतात कधी नाही. मी सुरुवातीला नुसता शेजारी बसायचो, पायाला स्ट्रेचिंग करत. मग एक दिवस चहाच्या कपांत एक कप वाढला. विषय काहीही असतो, उसाचा दर, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हद्दवाढ, पोरांना सेमी इंग्लिशला घालावं का. मी सगळ्यात लहान. लेकाला ताप होता म्हणून मधे काही दिवस गेलो नाही, तर परत गेल्यावर मास्तर म्हणाले, "काय रं, दिसला न्हाईस? पोरं बरी हैत न्हवं?" हे एवढं एक वाक्य, पण दिवसभर पुरतं. आपण नाही हे कुणाच्यातरी लक्षात आलं होतं. ऑफिसच्या चॅटमध्ये मी गायब असलो तर लक्षात येतं ते काम अडलं म्हणून, इथं माझ्यावर कुणाचंच काही अडलेलं नसतं तरी विचारतात.

पावणेसातला घरी, मग डबे. त्या तासाभरात फार खोल मैत्री होते असं नाही, पण तास जमत जातात.

बायकोचं उलटं आहे, आणि आमच्या घरातला खरा पेच हा होता. ती दिवसभर काउंटरवर माणसांतच असते. पासबुक, केवायसी, आजोबांची पेन्शन, कुणाचं लोन, आणि जाता-येता एसटीची गर्दी. रविवारी तिला कुणाचा आवाज नको असतो. आणि मी आठवडाभर चार भिंतींत बसलेलो असतो, मला रविवारी कुणाकडं तरी जायचं असतं, कुणाला तरी घरी बोलवायचं असतं. दोघांचं म्हणणं बरोबर, आणि दोघांची गरज एकमेकांच्या बरोबर विरुद्ध. घरून काम करणारा एक आणि बाहेर जाणारा एक अशा कितीतरी जोडप्यांत हे होत असणार, आणि नावं मात्र वेगळी दिली जातात, हा फिरतोच फार, हिला माणसं आवडत नाहीत. आम्ही शांत बसून बोललो तेव्हा साधा मार्ग निघाला. रविवारी सकाळी मी दोन्ही लेकरं घेऊन बाहेर पडतो ते दुपारच्या जेवणालाच घरी, आई तिच्या बहिणीकडं जाते, आणि तेवढा वेळ घर पूर्ण तिचं. झोपते, वाचते, केस धुऊन उन्हात बसते, काय करते ते मी विचारत नाही. मला माणसं मिळतात, तिला एकांत मिळतो, आणि लेकरांना बाप मिळतो जो त्या वेळी लॅपटॉपकडं बघत नाही.

तिची स्वतःची बैठक म्हणजे भिशी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, माहेरच्या गल्लीतल्या मैत्रिणींची. प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम, एकदा जिची निघाली ती पुढच्या चिठ्ठ्यांत नाही, असं करत सगळ्यांना एकदा मिळेपर्यंत चालतं. दर वेळी वेगळ्या घरी, खायला काहीतरी, उखाणे, गप्पा. पुरुष भिशीला हसतात, मला ती फार हुशारीची गोष्ट वाटते. तिथं पैसे गुंतलेले असतात म्हणून बाईला घरातनं निघता येतं. 'मैत्रिणींना भेटायला जाते' म्हटलं की घरात चार कामं निघतात, 'भिशी आहे' म्हटलं की सासूसुद्धा म्हणते जा बाई, पैसे द्यायचेत. ज्या बायकांना आपल्यासाठी वेळ मागायला संकोच वाटतो त्यांनी मिळून हे कारण तयार करून ठेवलंय, आणि ते किती वर्षं टिकलंय बघा. त्या शनिवारी आमच्या घरात दुसरं काहीही ठरत नाही, माझ्या मित्रांचंही नाही.

आणि मग आमचं रस्सा मंडळ. कोल्हापूरच्या बाहेर हे सांगितलं की लोकांना हॉटेल वाटतं. रस्सा मंडळ म्हणजे दोस्तांनी मिळून स्वतः मटण करायचं आणि खायचं, कुणाच्या तरी रानात नाहीतर गच्चीवर. आमचं वडणग्याच्या बाजूला एका मित्राच्या रानात असतं, महिन्यातला शेवटचा रविवार. आधी हे फक्त पुरुषांचं आणि रात्रीचं होतं, आणि रात्रीचं होतं म्हणूनच लेकरं झाल्यावर एकेक जण गळायला लागला. मग आम्ही ते सकाळी आणलं आणि पोरांना बरोबर आणायचं ठरलं. एवढ्या एका बदलानं मंडळ वाचलं. ज्यांच्या घरातल्या वहिनींना यायचं असतं त्या येतात, ज्यांना घरी शांत बसायचंय त्या बसतात, पण पोरं बापांबरोबर आणि स्वयंपाक बापांनी, हा नियम.

नऊला चूल पेटते. मटण धुऊन हळद, मीठ, आलं-लसूण लावून मोठ्या पातेल्यात चढतं, झाकणावर पाणी. तोवर एकानं कांदा-खोबरं भाजायचं, एकानं तीळ आणि खसखस वाटायची, एकानं नारळाचं दूध काढायचं. मला दूध काढायचं काम, त्यात हात अडकलेले असतात म्हणून फोन घेता येत नाही, हे मला फार आवडतं. मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, निघतं, आणि ते पहिलं पोरांचं. स्टीलच्या वाट्या घेऊन सगळी ओळीनं उभी, माझा धाकटा घरी एक पोळी खायला तास घेतो तो तिथं दोन वाट्या अळणी पिऊन तिसरी मागतो. मग उरलेल्या अळणीचे दोन वाटे. एकात नारळाचं दूध आणि वाटण घालून पांढरा, तो मंद जाळावर सतत हलवत राहायचा, नाहीतर फुटतो. दुसऱ्यात चटणी आणि भाजलेलं वाटण घालून तांबडा, वर कट आला पाहिजे. पांढरा हलवणाऱ्याला जागेवरनं हलता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी कुणीतरी बसतो, आणि मला वाटतं आमच्या मंडळातली सगळ्यात खरी बोलणी त्या पातेल्याजवळ झालीत. एकाची नोकरी गेली होती ते त्यानं तिथं सांगितलं. एकानं बापाच्या आजारपणाचं सांगितलं. समोरासमोर बसून 'बोल, काय झालंय' म्हटलं असतं तर दोघंही बोलले नसते, नजर रश्शावर होती म्हणून जमलं.

पोरं त्या चार तासांत काय करतात ते आम्ही फार बघत नाही. विहिरीकडं कुणी जायचं नाही एवढं एक पक्कं, तिकडं एक जण कायम नजर ठेवून असतो. बाकी मातीत, उसाच्या पाचटात, कुत्र्याच्या पिल्लामागं. भांडतात, मिटवतात. मोठ्या पोरी लहानांना बघतात. लेकीला आता त्या मंडळात स्वतःच्या मैत्रिणी आहेत आणि तीच मला महिन्याच्या सुरुवातीपासून विचारत असते की रविवार कधी येणार.

शाळेच्या गेटवर मला वेळ लागला. दुपारी आणायला येणाऱ्यांत आया जास्त आणि आजी-आजोबा. बापानं तिथं रोज उभं राहणं अजून लोकांना सवयीचं नाही, वर्गाच्या पालकांचा एक ग्रुप होता त्यात सगळ्या आया. मी बाजूला आजोबांच्यात उभा राहायला लागलो. एक आजोबा एसटीत कंडक्टर होते, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा सगळे रूट पाठ, ते मला रोज एक किस्सा सांगायचे. त्यांनीच एकदा त्यांच्या सुनेला सांगितलं, अगं या दादाला ग्रुपात घ्या की, ह्योच तर आणतो पोरीला रोज. तेव्हापासून त्या ताईंशी, बाकीच्या वहिनींशी नीट बोलणं व्हायला लागलं. आता कुणाला उशीर होणार असेल तर फोन येतो, माझ्या लेकराला पण घ्या, आणि मला कॉल लांबला तर मी करतो. घरून काम करणाऱ्याला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. कायद्यानं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असायला पाहिजे, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत ते आलं. पण ऑफिसच घरात आल्यावर पाळणाघर कुठलं, आणि बापासाठी तर खासगी नोकरीत रजेचासुद्धा कायदा नाही. जे आहे ते आपणच एकमेकांत उभं करायचं.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं की जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी पुष्कळदा जास्त कामाला येतात, कारण जवळच्यांना तेवढंच माहिती असतं जेवढं आपल्याला. मला हे पटलं ते जुलै २०२१ च्या पुरात. पंचगंगेचं पाणी वाढलं, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि अख्ख्या शहराचे नळ बंद. नदीकाठी राहणाऱ्यांची घरं गेली, त्यांच्यापुढं आमचा त्रास काहीच नाही, पण पाणी नव्हतं आणि टँकरची वाट बघायची. बिल्डिंगमध्ये राहायला येऊन बरेच महिने झाले होते, कोरोनामुळं कुणाचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, आणि त्या रांगेत घागरी-बादल्या घेऊन आम्ही सगळे पहिल्यांदा एका जागी उभे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आईच्या गावच्या निघाल्या. वरच्या मजल्यावरच्या पोरानं माझ्या राउटरला त्याच्या इन्व्हर्टरवरनं वायर ओढून दिली. लेकीसाठी बालवाडी कुठली बरी, रिक्षावाले मामा कोण भरवशाचे, हे सगळं त्या रांगेतनं मिळालं. टँकर गेल्यावर ती माणसं परत आपापल्या दारामागं जाऊ नयेत म्हणून काकूंनी एक केलं, कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायला ठेवलं आणि फक्त लिफ्टपाशी कागद लावला, अमुक वाजता, ज्याला यायचं त्यानं या. आजपर्यंत चालू आहे.

एका बाबतीत मी कडक आहे. माझी माणसं मिळवायला आईची माणसं तोडायची नाहीत. आजी घरात आहे म्हणजे लेकरं बघायला हक्काचं माणूस असं सगळे धरून चालतात. आईचं एकादशीचं भजन असतं, गुरुवारची तिची एक मैत्रीण येते, दोघी वाती करत बसतात. ते तिचे तास. त्या वेळात मला कितीही महत्त्वाचा कट्टा असला तरी लेकरं माझी. सत्तरीत माणसं एकेक करून जायला लागतात, उरलेल्यांना भेटणं तेव्हा जास्तच गरजेचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा भेडसावतोय असं म्हटलंय. माझ्या घरात आम्ही पाच आहोत, त्यातल्या कुणावर ही वेळ येऊ नये एवढं बघणं माझ्या हातात आहे.

आता आषाढ लागेल. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी पेठापेठांतनं पंचगंगेचं नवं पाणी वाजत-गाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पी ढबाक वाद्यांच्या तालावर, बायकांच्या डोक्यावर कळशा, देवीच्या पायरीवर पाणी ओतायचं. आमच्या जुन्या गल्लीचं पाणी यंदा शुक्रवारी जायचं चाललंय. मॅनेजरला आत्ताच कळवून ठेवलंय की त्या दिवशी साडेसहाच्या कॉलला मी नाही, कॅलेंडरमध्ये लाल करून टाकलाय. बायकोनं अर्धी रजा टाकलीय, रस्सा मंडळातले दोघं त्याच गल्लीतले, ते पोरांसकट येणार. लेकीला स्वतःच्या डोक्यावर कळशी घ्यायचीय म्हणून जुन्या शेजारच्या वहिनींनी माळ्यावरनं छोटी पितळी कळशी काढली, आणि परवा मला दारातच म्हणाल्या, "ही घासून आणायची तुमी, चिंच लावून, आणि वेळेत या, पाणी कुणासाठी थांबत न्हाई."